पंधरा मिनिटांत सहा चौकटी

१

७ फेब्रुवारी. पहाटे दाट धुकं, साडेआठला विरलं. दहा वाजता स्वच्छ ऊन, वारा अजिबात नाही.

माझ्या वहीत रोजची पहिली ओळ अशीच असते. चित्रकला मी कुठल्या शाळेत शिकलो नाही. जे काही येतं ते रोज थोडं थोडं करून आणि केलेलं लिहून ठेवून आलं. त्यामुळे या पंधरा दिवसांबद्दल लिहितो आहे तेही वही उघडी ठेवून लिहितो आहे, आठवणीवर विसंबून नाही.

मी ॲनिमेशनच्या सिनेमांसाठी जागांची चित्रं काढतो. पात्रं दुसरे काढतात. माझ्याकडे खोल्या, जिने, बोळ. पक्कं चित्र करण्याआधी त्याचे छोटे आराखडे करावे लागतात. स्टुडिओत त्यांना थंबनेल म्हणतात, मी चौकटी म्हणतो. काडेपेटीपेक्षा जराशी मोठी चौकट आखायची आणि तीनच छटांत भरायची: कागदाचा पांढरा, मधला करडा आणि काळा. बारकावे काही नाहीत. उजेड कुठे, अंधार कुठे आणि बघणारा कुठे उभा आहे, एवढंच ठरवायचं. यात हात डोक्याच्या पुढे पळाला पाहिजे. म्हणून मी अंडी उकडताना लावतात ते चावीचं घड्याळ समोर ठेवतो. पंधरा मिनिटांत सहा चौकटी. घंटा वाजली की पेन खाली.

त्या दिवशी सुरू केलेलं काम एका घराचं होतं. दिग्दर्शक फोनवर म्हणाला होता, "घर रिकामं हवं. पण आत्ताच कुणीतरी उठून गेलंय असं वाटलं पाहिजे."

"कोण उठून गेलंय?" मी विचारलं.

"ते माझ्याकडे लागलं. तुम्ही घर काढा."

साठ चौकटी, दहा दिवस. घर कुठलं घ्यायचं याचा मी फार विचार केला नाही, आमचंच घेतलं. कारण घराबाहेर पडायची सोय नव्हती. मागच्या खोलीत अक्का होती.

अक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. एकतीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात कापड बेतायचं काम केलेली, माणूस दारातून आत येईपर्यंत त्याच्या खांद्याचं माप सांगणारी. डिसेंबरात न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली आणि ती माझ्याकडे आली. तिच्या लेकीने, म्हणजे माझ्या भाचीने, तिच्या गावातल्या एका शुश्रूषा केंद्रात खाट बघून ठेवली होती. अक्काने नाही म्हटलं. "लेकीच्या गावी पाहुणी म्हणून जाईन, सामान म्हणून नाही." शेवटी असं ठरलं की मार्चपर्यंत ती माझ्याकडे राहील. त्याआत चालायला लागली तर उत्तम. पण मधे काही बरंवाईट झालं, किंवा मला जमेनासं झालं, तर भाची येऊन घेऊन जाईल. अक्काने माझा हात धरून सांगितलं होतं, "तेवढं होऊ देऊ नकोस."

घर सरळ आहे. बाहेरचं दार, पुढची खोली, तिथून पंधरा फुटांचा पॅसेज आणि टोकाला मागची खोली. पॅसेजला फूटभर चौरस फरश्या, पुढच्या खोलीकडून मोजल्या तर लांबीत बरोबर पंधरा. नववी सैल आहे. तिच्यावर पाय पडला की "टक" असा एकच आवाज येतो. माझं टेबल पुढच्या खोलीत, खिडकीला लागून. बसलो की पॅसेज माझ्या पाठीशी येतो. रोज दहा वाजता मी बसायचो, घड्याळाला चावी द्यायचो आणि घर आठवून आठवून काढायचो. घराचा नकाशा मापांसकट स्टुडिओला आधीच पाठवला होता. तो कुणी मागितला नव्हता, माझी आपली सवय.

२

९ फेब्रुवारी. ऊन, दुपारनंतर पातळ ढग.

दुपारी लेआउटवालीचा फोन आला. ही स्टुडिओतली बाई, दोन मुलांची आई, सात वर्षं माझ्या चौकटी हिच्याच हातात जातात. चौकटीवरून ही संगणकात खोली उभी करते आणि चित्रकाराचा डोळा जिथे असेल तिथे कॅमेरा ठेवते.

"दादा, कान उपटायला फोन केलाय."

"उपटा."

"तीन दिवसांच्या अठरा चौकटी आल्या. अठराच्या अठरांत डोळ्याची रेषा एकाच उंचीवर. चार फूट दोन इंच. तुम्ही काय रांगत रांगत घर बघता?"

"बसून काढतो."

"मग जरा उठून बघा. दिग्दर्शक मला विचारतील, कॅमेरा कुत्र्याच्या पाठीवर बांधलाय का."

"चार फूट दोन इंचाचा कुत्रा म्हणजे घोडाच झाला की."

ती हसली आणि फोन ठेवला.

डोळ्याची रेषा म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. माणूस उभा असो, बसलेला असो, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरच्या सगळ्या वस्तू चित्रात एका आडव्या रेषेवर येतात. ती रेषा दाराला, कपाटाला कुठे छेदते ते बघितलं की बघणाऱ्याची उंची निघते. चित्र शंभर वर्षांपूर्वीचं असलं तरी निघते. चित्रकार सगळं लपवू शकतो, पण आपण कुठून बघितलं ते त्याला लपवता येत नाही.

मी खुर्चीवर बसलो आणि अक्काच्या टेपने माझ्या डोळ्यांची जमिनीपासूनची उंची मोजली. तीन फूट अकरा इंच.

तीन इंचांचा फरक. आपण ताठ बसलो की तीन इंच वर जातो, असं वहीत लिहिलं. मग ताठ बसून पुन्हा मोजलं. चार फूट अर्धा इंच. हेही लिहिलं.

३

११ फेब्रुवारी. ढगाळ, गार.

उंचीबरोबर जागाही काढून द्या, असं मी लेआउटवालीला सांगितलं होतं. तिने रोजचे आकडे पाठवायला सुरुवात केली. संध्याकाळी मी नकाशावर पेन्सिलीने ठिपके मांडले.

आपण रोज घरातले वेगवेगळे कोपरे काढतो आहोत, अशी माझी समजूत होती. कोपरे वेगवेगळे होतेच. पण एका दिवसाच्या सहाही चौकटी एकाच जागेवरून दिसणाऱ्या होत्या, बघणाऱ्याने नुसती मान फिरवावी तशा. दुसऱ्या दिवशी ती जागा बदललेली. ७ तारखेचा ठिपका बाहेरच्या दाराच्या आत दोन फुटांवर. ८ चा माझ्या खुर्चीच्या मागे चार फुटांवर. ९ चा पॅसेजच्या तोंडाशी. १० चा चौथ्या फरशीवर. ११ चा सातव्या.

याला कारण असणारच, असं धरून मी चाललो. कारण सापडलंही. घर आठवताना माणूस दारातून आत शिरतो आणि क्रमाने पुढे जातो. कुणालाही डोळे मिटून आपलं घर आठवायला सांगा, तो असाच जाईल. माझं मन रोज थोडं आत जात होतं. एवढंच. उंचीचं काय, तर लहानपणी मी चार फूट दोन इंचांचा कधीतरी होतोच. पण तेव्हा हे घर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजून पाच मिनिटांनी, मी दुसऱ्या चौकटीवर असताना, पाठीमागे नववी फरशी वाजली. टक.

मी वळून बघितलं. पॅसेज रिकामा. टोकाला अक्काचं दार उघडं, पलंगाचं पायथ्याकडचं टोक दिसत होतं. गारठ्याने फरशी आकसते, तिचा आवाज होतो. मी चौकट पुरी केली.

त्या दिवशीचा आकडा रात्री आठला आला: नववी फरशी, उंची चार फूट दोन.

४

१३ फेब्रुवारी. लख्ख ऊन. आकडा: अकरावी फरशी.

दुपारी मी अक्काला उठवून बसवलं, पाठीशी उशी दिली. ती नेहमीसारखी कुरकुरली नाही. मग खिडकीकडे बघत म्हणाली, "तुला मला काही सांगायचंय का?"

"काय?"

"ते तूच सांग. रोज सकाळी पॅसेजमध्ये येऊन उभा राहतोस. बोलत नाहीस, चालत नाहीस. पहिल्या दिवशी वाटलं, झोपलेय का बघतोयस. पण रोज? पंधरा-पंधरा मिनिटं? ते तुझं घड्याळ वाजलं की जातोस."

मी पलंगाच्या कडेला बसलो. "चष्मा होता तुझ्या डोळ्यांवर?"

"पडल्या पडल्या चष्मा कशाला घालू? काळा ठिपका दिसतो मला. पण घरात माणसं दोन. एक मी. ठिपका मग कोण, शेजारचा?" तिने माझ्याकडे नीट बघितलं. "आणि असा वाकून का उभा राहतोस रे? पाच फूट सातचा माणूस तू. तिथे उभा असतोस तेव्हा साडेचार फूट भरत नाहीस. पाठ दुखते का?"

घड्याळ चालू असतं तेव्हा मी टेबलाशी असतो, हे एक वाक्य मला बोलता आलं असतं. पण त्यानंतर काय? ती लेकीला सांगणार, निदान रात्री फोनवर तिच्या आवाजातून ते कळणार. भाची दोन दिवसांत गाडी घेऊन हजर. आईला भास होतात किंवा मामाला होतात, यातलं काहीही खरं असलं तरी तिचा निर्णय एकच होता. आणि अक्काच्या गोळ्यांच्या पाकिटावर लिहिलेलं होतंच: ग्लानी, दृष्टी अंधुक होणे.

"लेकीला कळवायचं असेल तर तोंडावर सांग," अक्का म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "न्या म्हणावं हिला. मी भांडणार नाही. पण असं दुरून बघत उभं राहू नकोस. ते नाही सहन होत."

तेव्हा मी खोटं बोललो. "मीच असतो. कामाचा विचार करत फेऱ्या मारतो. तुला पाठवायचा विचारसुद्धा नाही माझ्या डोक्यात."

तिने डोळे पुसले आणि लगेच मला दटावलं. "मग माणसासारखा आत येऊन बसत जा. दारात ताटकळायला मी काय सरकारी कचेरी आहे?"

त्या रात्री तिला शांत झोप लागली.

५

१४ फेब्रुवारी. ऊन, हलका वारा.

दहा वाजता घड्याळाला चावी दिली. पहिली चौकट झाली. दुसरी निम्मी झाली असताना मागच्या खोलीतून अक्काचा आवाज आला. मोकळा, घरगुती.

"आत ये ना. ये. अशी खुर्ची ओढून घे."

माझ्या हातात पेन तसंच राहिलं. वळून बघायला मान हलेना. घड्याळ टिकटिकत होतं. अक्का काहीतरी बोलत होती, मधे थांबत होती, पुन्हा बोलत होती. समोरच्याला उत्तराला जागा देऊन बोलतात तसं. एकदा हसलीही. मी बोटांकडे बघितलं तर ती पुढे चालली होती, तिसरी चौकट भरत आली होती.

घंटा वाजली. मागच्या खोलीतलं बोलणं थांबलं. मी गेलो तेव्हा ती डोळे मिटून पडली होती.

"बरं वाटलं आलास ते," ती म्हणाली. "बोलला काही नाहीस, पण बरं वाटलं."

खुर्ची भिंतीला लागून होती, नेहमीच्या जागी. तिच्यावर अक्काची शाल घडी करून ठेवलेली, घडी मोडलेली नव्हती.

त्या दिवशीच्या चौकटींत पॅसेज नव्हता. सहाही चौकटींत पलंग, उशी, पलीकडची भिंत आणि खिडकीचा तुकडा. डाव्या हाताला वरपासून खालपर्यंत एक काळा पट्टा. असा पट्टा आम्ही नेहमी घालतो, जवळची वस्तू काळी केली की चित्राला खोली येते. ही दाराची चौकट, असं मी समजलो. म्हणजे बघणारा अजून दाराबाहेर. रात्री लेआउटवालीचा आकडा आला, तोही तेच म्हणत होता: बारावी फरशी. उंबऱ्यापासून तीन फूट बाहेर. उंची मात्र तीन फूट नऊ.

दुसऱ्या दिवशी, १५ ला, पुन्हा बारावी फरशी. उंची तीन फूट एक.

आकड्यांनी माझ्या जिवात जीव आला, हे कबूल करायला हवं. अक्का जे काही बोलत होती ते गोळ्यांमुळे होतं. नकाशावर मात्र ठिपका दाराबाहेर होता, तिथेच थांबला होता. उंची कमी होत होती, ती मी दमलो म्हणून. नऊ दिवस सलग काम झालं की माझ्या रेषा खाली सरकतात, असं मी वहीत लिहिलं. मागची पानं चाळली तर तशी एकही नोंद सापडली नाही.

काम सोडून देता आलं असतं. पण तेव्हा आणखी एक विचार डोक्यात बसला होता. घड्याळ बंद असताना ते जे काही आहे ते नसतं, की फक्त मी ते काढत नसतो? काढलं तर निदान ते कुठे आहे तेवढं कळत होतं.

६

१६ फेब्रुवारी. सकाळपासून ऊन, आकाशात ढगाचा ठिपका नाही.

तिसरी चौकट संपली आणि फोन वाजला. घड्याळ चालू असताना मी फोन घेत नाही. नाव बघून घेतला.

"दादा, माफ करा. चूक झाली माझ्याकडून," लेआउटवाली म्हणाली. "१४ आणि १५ चे आकडे चुकीचे गेले तुम्हाला."

"कसे?"

"पॅसेजच्या चौकटींत फरश्या दिसत होत्या, त्या मोजून जागा पक्की काढत होते. या खोलीत फरश्या नाहीत ना, चटई दाखवलीय तुम्ही. मग लेन्सवरून काढावं लागलं. नवीन फाइल उघडली की त्यात साधी लेन्स आपोआप बसते. तुम्ही नेहमी रुंद काढता, ती टाकायची राहूनच गेली. आज टाकली. रुंद लेन्समध्ये जवळूनही तेवढंच मावतं, म्हणून ती धरली की कॅमेरा पुढे सरकतो."

"किती पुढे?"

"बराच. तो दाराबाहेर नाहीच. खोलीत आहे. तो डावीकडचा काळा पट्टा आहे ना, मी दाराची चौकट समजले होते. ती कपाटाची कड आहे. कपाट आणि पलंग यांच्या मधे उभा आहे कॅमेरा. १४ ला पलंगापासून दोन फूट. काल…" तिने काहीतरी टाइप केलं. "काल पलंगाला टेकून. म्हणून उंचीचंही जमलं बघा. दाराबाहेर बसून कुणी कशाला बघेल, मला कोडंच पडलं होतं. आता बरोबर वाटतं. उभा आहे आणि खाली वाकत चाललाय. उशीकडे. भारी कल्पना आहे, दिग्दर्शकांना आवडेल."

मी समोरच्या कागदाकडे बघितलं. आजच्या तीन चौकटींत पलंगही नव्हता. तिन्हींत खालून वरपर्यंत पांढरी उशी आणि मधोमध एक करडा, अंडाकृती आकार. तो काय आहे ते मी काढताना बघितलं नव्हतं.

पॅसेज मी कसा ओलांडला ते आठवत नाही. नवव्या फरशीचा आवाज तेवढा आठवतो, माझ्याच पायाखालचा.

दारात थांबलो. खोलीत मी सोडून फक्त अक्का होती. खिडकीतून ऊन येत होतं, उजवीकडून, पलंगावर सरळ पडत होतं. उशी पांढरीफेक. चादर पांढरीफेक. उशीमागची भिंत उजळ. आणि अक्काचा चेहरा करडा.

तीस वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही. ऊन कुठून येतं, कशावर पडतं आणि कशाच्या आड काय येतं, एवढंच बघत आलो. खिडकी आणि चेहरा यांच्यामध्ये काही नव्हतं. गज नाही, पडदा नाही. तरी तिच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत मधली छटा होती आणि तिची कड उशीवर नीट संपत होती. केसांच्या बटा तिच्या कानाशी हलत होत्या. पंखा बंद होता.

तिने डोळे न उघडता कपाळाला आठी घातली. "जरा सरक ना बाजूला," ती म्हणाली. "ऊन अडतंय तुझ्यामुळे. किती जवळ येशील."

मी दारातच होतो, तिच्यापासून नऊ फुटांवर.

पुढच्या खोलीत घंटा वाजली आणि तिच्या तोंडावर ऊन पडलं.

७

त्याच दिवशी मी तिला चाकाच्या खुर्चीवर बसवून पुढच्या खोलीत आणलं आणि सगळं सांगितलं. नकाशा दाखवला, ठिपके दाखवले, खोटं बोललो तेही सांगितलं. तिने चष्मा लावून प्रत्येक चौकट बघितली. कापडाची वीण बघतात तशी, जवळ धरून.

"म्हणजे मी ज्याला ये म्हटलं तो तू नव्हतास," ती म्हणाली.

"नाही."

तिने चौकटींचे कागद खाली ठेवले. मग म्हणाली, "मला वाटलं होतं हात गार आहे तुझा." आणि लगेच, मी काही विचारायच्या आत, "ते जाऊ दे. लेकीला फोन करू नकोस. तिच्याकडे गेल्यावर हे इथेच राहील कशावरून? तुझ्या हाताने आत आलंय. तुझ्याच हाताने बाहेर ने."

"कसं?"

"एकतीस वर्षं मी कापड बेतलं. आधी खडूने रेघ, मग कात्री. आजवर तू रेघ न मारता कापत बसलास. उद्या मारून घे."

रात्री मी रेघ मारली. सहा जागा नकाशावर आधी ठरवल्या, प्रत्येकीची उंची चार फूट दोन धरून डोळ्याची रेषा काढली. एक: पलंगापाशी, पण तोंड दाराकडे. दोन: पॅसेज, बारावी फरशी. तीन: पॅसेजचं तोंड. चार: बाहेरच्या दाराच्या आत. पाच: जिना. सहा: रस्ता, फाटकाच्या पलीकडे, समोर मोकळा.

१७ फेब्रुवारी. ऊन. दहा वाजता अक्काची खुर्ची बाहेरच्या दाराशी नेऊन ठेवली. चौथी चौकट झाली की मी टेबलावर दोनदा बोट वाजवणार, तिने दार उघडायचं. पाचवी झाली की एकदा, तिने बंद करायचं. चष्मा काढून ठेव, असं मी तिला म्हटलं. ती म्हणाली, "काढलाच आहे."

चावी दिली. पहिली चौकट. आजवर हात आपोआप जात असे. त्या दिवशी प्रत्येक रेष ओढून न्यावी लागली, भरलेली हातगाडी चढावर ढकलावी तशी. दाराची चौकट, पॅसेजचा काळोख, टोकाला पुढच्या खोलीचा उजेड. दुसरी. नववी फरशी वाजली. टक. मी वर बघितलं नाही.

तिसरी चौकट सगळ्यांत अवघड होती. पॅसेजच्या तोंडातून पुढची खोली काढायची म्हणजे मधे टेबल येतं, आणि टेबलाशी पाठमोरा बसलेला मी. तो काळा आकार मी काढला. खांदे काढले. मान काढली. मान काढताना मानेवर गार वाटलं आणि कागदावर माझ्याच हाताची सावली असायला हवी होती त्याहून मोठी होती. मी चौकट पुरी केली आणि पुढची आखली.

चौथी. दार आतून. दोनदा बोट वाजवलं. कडी निघाली, बाहेरच्या जिन्याची हवा आत आली. अक्काचा श्वास मला टेबलापर्यंत ऐकू येत होता. पाचवी: पायऱ्या, कठडा, खालचा उजेड. एकदा बोट वाजवलं.

दार बंद झालं. कडी बसली.

"गेला," अक्का म्हणाली. "माझ्या गुडघ्याला घासून गेला."

सहावी चौकट मी डोळे मिटून काढली, असं म्हणत नाही. रस्ता डोळ्यांपुढे होता, फाटक होतं, हात चालत होता. घंटा वाजली तेव्हा पेन खाली ठेवलं. मग आम्ही दोघं बराच वेळ हसत होतो. कशाला, ते सांगता येणार नाही.

८

१८ फेब्रुवारी. ढगाळ.

सहाही चौकटी आदल्या दिवशीच न बघता पाठवल्या होत्या. सकाळी लेआउटवालीचा फोन आला.

"पाच छान आहेत. सहावी कळली नाही, दादा. नुसतं बंद दार आहे."

"रस्ता आहे तो."

"नाही हो. दार आहे. तुमच्याच घराचं, बाहेरून. वर नंबराची पाटी आहे, नकाशावरचाच नंबर."

"जागा काढा."

"काढली. दारापासून अकरा इंच. उंची चार फूट दोन. तोंड दाराकडे."

मी कागद बघितला. ती म्हणत होती तसंच होतं. स्टुडिओला काम पुरं झाल्याचं कळवलं. त्यानंतर चौकट आखलेली नाही. घड्याळाला चावी दिलेली नाही.

२१ फेब्रुवारी. ऊन, वारा. अक्का मागच्या खोलीत झोपते, सकाळी तिच्या तोंडावर ऊन पडतं. आज ती वॉकर धरून पलंगापासून पॅसेजच्या तोंडापर्यंत गेली आणि परत आली. भाचीला फोनवर स्वतःच सांगितलं. भाची म्हणाली, मार्चनंतरही तिथेच राहा. अक्काचा व्यायाम करून घ्यायला घरी येणाऱ्या बाईंना मी महिनाभर येऊ नका म्हणून कळवलं आहे. सामान खालून दोरीने खिडकीतून वर घेतो.

दार १७ तारखेपासून उघडलेलं नाही. आज चौथा दिवस.